दीडशे नंबरच्या स्प्रिंगबाबत पुरवणी जबाब

नाव: पूर्ण नाव ठाण्याच्या नोंदवहीत लिहून दिले आहे. मैदानावर सगळे 'मिस्त्रीताई' म्हणतात. वय ४७ वर्षे. धंदा: एअरसॉफ्ट बंदुकांची देखभाल व दुरुस्ती. राहणार: पाण्याच्या टाकीमागची चाळवजा इमारत, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. शिक्षण दहावी. अविवाहित.

मी आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन जबाब देते की, याच प्रकरणात मी सोमवारी दुपारी एक वाजता एक जबाब दिला होता. तो खोटा होता. खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते हे मला आत्ता समजावून सांगण्यात आले. ते मला समजले आहे.

माझ्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान होते. मी व माझा धाकटा भाऊ दोघेही तिथेच हत्यारे धरायला शिकलो. वडील गेल्यावर दुकान बंद झाले. सहा वर्षांपूर्वी भावाने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा बंद पडलेला कारखाना भाड्याने घेऊन तिथे एअरसॉफ्टचे मैदान सुरू केले. खेळ असा की, दोन संघ असतात व खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बॅटरीच्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकचे छर्रे मारतात. छर्रा लागला की माणूस बाद. बंदुका भाड्याच्या असतात, काही लोक स्वतःच्या आणतात. त्या सतत बिघडतात. ते काम भावाने मला दिले. कारखान्याच्या मागच्या बाजूला जाळीची खिडकी असलेली एक खोली आहे, तिथे माझे टेबल आहे. शिलाई मशीन आणि ही बंदूक आतून फार वेगळी नाहीत. दोन्हीत दातेरी चाके, तेल आणि संयम लागतो.

मैदानाचा नियम असा आहे की, कोणत्याही बंदुकीतून सुटलेल्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला साडेतीनशे फुटांच्या वर जाता कामा नये. हा नियम भावानेच केला व दारावर रंगवून घेतला. वेग मोजायचे यंत्र आहे. मोजताना शून्य पॉइंट वीस ग्रॅमचा हलका छर्रा वापरायचा असतो.

विचारल्यावरून सांगते की, जखमी झालेले गृहस्थ मैदानावर पंच म्हणून सुट्टीच्या दिवशी काम करतात. ते निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. ते शिट्टी वाजवून खेळ थांबवतात, नियम मोडणाऱ्याला बाहेर काढतात. ते म्हणायचे, "मिस्त्रीताई, शाळेत पोरं माझी शिट्टी ऐकायची नाहीत. इथे चाळिशीचे साहेब लोक ऐकतात. फी स्वतःच्या खिशातून भरली की शिस्त येते." ते माझे कोण लागतात, असे विचारण्यात आले. कोणी लागत नाहीत. खेळ संपला की ते माझ्या टेबलापाशी चहाला बसायचे. चार वर्षे बसायचे. एवढीच ओळख लिहावी.

मागच्या आठवड्यात गुरुवारी एक लांब नळीची बंदूक माझ्याकडे दुरुस्तीला आली. ती बांधकाम कंपनीच्या मालकांची होती. त्यांना मैदानावर 'शेठ' म्हणतात. शेठ आपल्या कंपनीची सगळी माणसे खेळायला आणतात, आणि भावाला दुसऱ्या मैदानासाठी जागाही तेच देणार होते. बंदुकीची तक्रार अशी होती की, ती मध्येच अडकते, कधी एका वेळी दोन छर्रे सोडते. मी ती पूर्ण उघडली. आतले ग्रीस सुकून खळीसारखे झाले होते. दातेरी चाके हलत होती, घोड्याखालचे तांब्याचे पाते जळाले होते. मी सगळे धुतले, चाकांखाली पातळ चकत्या घालून त्यांचे हलणे बंद केले, पाते बदलले, पिस्टनचे रबर नवीन घातले. आत दीडशे नंबरची स्प्रिंग होती. नंबर जितका मोठा तितकी स्प्रिंग कडक, आणि छर्रा तितका जोरात. दीडशे नंबरवर वेग पाचशेच्या आसपास जातो. आमच्याकडे शंभर नंबर चालते. मी दीडशेची काढून शंभरची घातली, आणि त्या जोराला पुरेल असा हलका पिस्टन बसवला. काढलेली स्प्रिंग पाकिटात घालून त्यावर तारीख, बंदुकीचे वर्णन व सही करून खणात ठेवली. शुक्रवारी मी हलक्या छर्ऱ्याने पाच वेळा वेग मोजला. तीनशे अठ्ठावीस ते तीनशे बत्तीस आला. कामाच्या वहीत तसे लिहिले आहे. वही मी आज सोबत आणली आहे व हजर करत आहे.

शनिवारी दुपारी चार वाजता शेठ आले. त्यांनी बंदूक मागच्या भिंतीवर चालवून पाहिली. दोनशे छर्रे झाडले, एकदाही अडकली नाही. शेठ म्हणाले, "अडकत नाही हे ठीक. पण मेलीय ही. हिच्यात दमच राहिला नाही." ते गेल्यावर भाऊ माझ्या खोलीत आला. आमचे जे बोलणे झाले ते असे.

तो म्हणाला, "त्यांची जुनी स्प्रिंग परत घाल."

मी म्हटले, "दारावर काय रंगवलंयस ते वाचून ये."

"ते भाड्याच्या बंदुकांना आहे. शेठ स्वतःची आणतात."

"छर्ऱ्याला कळतं का तो भाड्याचा आहे की शेठचा?"

"ताई, दुसऱ्या मैदानाची जागा त्यांच्या एका सहीवर अडलीय. उद्याचा एक दिवस. त्यांना खूश ठेवायचं, बस."

मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "तुझा हा बाबांसारखा ताठा आहे ना, त्यानंच त्यांचं दुकान बसलं." मी त्याला खोलीतून जायला सांगितले. तो गेला. मी पाच वाजता कुलूप लावून घरी गेले. खोलीच्या किल्ल्या दोन आहेत. एक माझ्याकडे, एक भावाकडे.

आता गॉगलबाबत सांगते. खेळणाऱ्याने डोळ्यांवर जाड प्लॅस्टिकचा गॉगल घालणे सक्तीचे आहे. मैदानावरच्या माणसांनी मधल्या काळात काही गॉगलांवरचे, भिंती रंगवताना उडालेले रंगाचे डाग थिनरने पुसले होते. थिनर लागला की या काचेच्या कडेला केसासारख्या बारीक भेगा पडतात. दिसायला गॉगल स्वच्छ दिसतो, पण त्यात जीव राहत नाही. असे अकरा गॉगल मी दोन महिन्यांपूर्वी वेगळे काढून एका फळीवर ठेवले होते. फळीवर लाल खडूने 'बाद' असे लिहिले होते. नवीन मागवायला भावाला तीन वेळा सांगितले. तो दर वेळी "हो, हो, बघतो" म्हणाला.

रविवारी शेठच्या कंपनीची पंचेचाळीस माणसे खेळायला येणार होती. मी सकाळी साडेआठला पोहोचले तेव्हा ती फळी रिकामी होती.

मी कोणाला काही विचारले नाही.

विचारल्यावरून सांगते की, का विचारले नाही याचे कारण असे की, आदल्या दिवशीच्या भांडणामुळे मी त्या दिवशी कोणाशीच बोलायचे नाही असे ठरवले होते. मी खोलीत बसून भाड्याच्या बंदुकांच्या नळ्या पुसत होते. साधारण नऊ वाजता जाळीच्या खिडकीतून मला सर दिसले. कंपनीतली एक बाई घाबरली होती, तिला मिळालेला गॉगल नाकावर बसत नव्हता. सरांनी आपला स्वतःचा चांगला गॉगल तिला दिला, पट्टा आवळून दिला, आणि स्वतः वाटायला ठेवलेल्या गॉगलांच्या ढिगातला एक उचलून घातला. मग त्यांनी खिडकीकडे पाहून हात केला. मी मान खाली घातली. मला वाटले, चहाला आले की सांगू.

ही गोष्ट मी पहिल्या जबाबात सांगितली नव्हती. भावालाही माहीत नाही. सरांनाही माहीत नाही.

दारावर प्रत्येक बंदुकीचा वेग मोजून रजिस्टरात लिहिला जातो. रविवारी ते काम भावाने स्वतः केले, एरवी तो करत नाही. शेठच्या बंदुकीपुढे त्याने तीनशे सेहेचाळीस असे लिहिले आहे. हे रजिस्टर आपल्या ताब्यात आहे. आकडा खोटा नाही, पण मोजणे खोटे आहे. शून्य पॉइंट चाळीसचा, म्हणजे दुप्पट वजनाचा छर्रा घातला की तीच बंदूक यंत्रावर कमी वेग दाखवते. दीडशे नंबरची स्प्रिंग जड छर्ऱ्यावर बरोबर तीनशे सेहेचाळीसच्या आसपास दाखवते. हलक्यावर चारशे नव्वद. माझी शुक्रवारची बंदूक जड छर्ऱ्यावर अडीचशेलाही पोहोचली नसती. आपण कोणाकडूनही तपासून घ्यावे.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सर रंगकामाच्या जुन्या खोलीच्या दारातून हात वर करून बाहेर आले. त्यांना खेळ थांबवायचा होता, कारण आत कोणीतरी पाय मुरगळून पडले होते. शेठ समोर आठ पावलांवर पिंपामागे होते. त्यांना वाटले समोरच्या संघातला माणूस आला. त्यांनी तीन छर्रे सोडले. मी खोलीत होते. मला शिट्टी ऐकू आली, ती अर्धीच वाजली. बाहेर आले तेव्हा सर गुडघ्यांवर बसले होते व गॉगलची डावी काच फुटून आत गेली होती. शेठ सारखे म्हणत होते, "अहो, गॉगल होता ना? गॉगल होता ना?" मी सरांचे डोके धरले. रुग्णवाहिका बारा वाजून पाच मिनिटांनी आली. त्यांच्यासोबत जायला मी पुढे झाले, पण भावाने माझा दंड धरला. "तू थांब, पोलीस येतील. तुझी गरज इथे आहे." सरांबरोबर मैदानाचा पहारेकरी गेला.

तीन वाजता मी माझा खण उघडला. पाकीट जागेवर होते. आत स्प्रिंग नव्हती. ते रिकामे पाकीट मी घरी नेले व आज हजर करत आहे.

संध्याकाळी सहा वाजता भाऊ, त्याची बायको व एक वकील आमच्या घरी आले. आई तेव्हा माझ्याजवळ राहत होती. तिचे वय ७४ आहे. वकील स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. ते म्हणाले, "हे बघा, दुरुस्तीवालीच्या हातून चुकून जुनी स्प्रिंग राहून गेली, तर तो निष्काळजीपणा. मैदानाच्या मालकाने माहीत असून घातली, तर प्रकरण वेगळं होतं. मैदान कायमचं बंद. पंधरा माणसांची पोटं त्यावर आहेत."

मी म्हटले, "माझ्या हातून राहिली नाही."

भाऊ म्हणाला, "ते आपल्या दोघांना माहीत आहे ना? मग झालं तर."

मी आईकडे पाहिले. आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "तुझ्या तोंडून गेलं तर चूक, त्याच्या तोंडून गेलं तर गुन्हा. एवढाच फरक आहे म्हणतात ते. मग तू बोल ना बाई. तुझ्यामागे कोण आहे उघड्यावर पडायला?"

भावजय रडत होती. तिने माझे हात हातात घेतले. लग्नाला तेरा वर्षे झाली तिच्या, माझ्या हाताला तेलाचा वास येतो म्हणून ती मला कधी हात लावत नसे.

मी हो म्हणाले. सोमवारी एक वाजता येथे येऊन मी असे लिहून दिले की, दीडशे नंबरची स्प्रिंग काढायची माझ्याकडून राहून गेली. वाक्य वकिलांनी लिहून पाठ करायला दिले होते. आपल्या हवालदारांनी तेव्हा मला विचारले होते, "ताई, तुमची वही असेल ना कामाची?" मी हरवली म्हणाले. वही तेव्हा माझ्या पिशवीतच होती.

मंगळवारी पोलिसांच्या पंच साक्षीदारांसमक्ष ती बंदूक उघडण्यासाठी मलाच बोलावण्यात आले, कारण दुसरे कोणी ते काम जाणणारे नव्हते. उघडताना मी पुढील गोष्टी पाहिल्या व गप्प बसले. एक, चार स्क्रूंच्या डोक्यावरच्या खाचा चुकीच्या पेचकसाने खाल्लेल्या होत्या. माझ्या हातून गेल्या तीस वर्षांत एकही खाच खराब झालेली नाही, वडील हातावर पट्टी मारत. दोन, पिस्टन मी घातलेला हलकाच होता. दीडशे नंबरच्या स्प्रिंगपुढे तो पिस्टन टिकत नाही. त्याचे चार दात एका सकाळीत झिजून गेले होते. म्हणजे स्प्रिंग माझ्या दुरुस्तीनंतर घातली, आणि घालणाऱ्याला स्प्रिंग कशी बसवायची ते येत होते, पण थांबून विचार करायची सवय नव्हती. भाऊ लहानपणापासून तसाच आहे. मशीन जुळवून झाले की दोन स्क्रू उरायचे आणि तो ते खिशात घालायचा. आम्ही हसायचो.

बुधवारी दुपारी चार वाजता मी रुग्णालयात गेले. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. सरांचा डावा डोळा काढावा लागला आहे. उजव्यावरही पट्टी होती. त्यांची मुलगी शेजारी बसली होती. मी दारातच उभी राहिले. सर म्हणाले, "मशीनच्या तेलाचा वास आला. मिस्त्रीताई आल्या वाटतं."

मी खाटेजवळ गेले. त्यांना माझा सोमवारचा जबाब कळला होता. भावाने येऊन सांगितला होता. तो फळांची करंडी घेऊन आला होता, ती तिथेच कोपऱ्यात होती. मी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगत आलो, चूक केली की पुढे येऊन सांगा, मी ओरडणार नाही. बहुतेक पोरं लपवायची. तुम्ही सांगितलीत. मी ओरडणार नाही, मिस्त्रीताई. माझ्या मनात काही नाही."

त्यांनी हात पुढे केला, पण तो माझ्या बाजूला आला नाही, खाटेच्या दांडीकडे गेला. मी तो धरला.

मला असे म्हणायचे होते की, मी ती स्प्रिंग घातली नाही. आणि असेही म्हणायचे होते की, तो गॉगल तुम्ही उचललात तेव्हा मी पाहत होते. ज्याची माफी मिळाली ते मी केले नव्हते, आणि जे केले होते त्याची माफी मागायला तोंड उघडत नव्हते. परिचारिका औषध घालायला आली. मुलगी म्हणाली, "बाबांनी माफ केलं असेल. मी नाही केलं. तुम्ही निघा."

मी दोन मजले उतरले आणि परत वर गेले. मुलगी दाराबाहेर उभी होती. मी तिला सगळे सांगितले, स्प्रिंग, पाकीट, भाऊ, गॉगल. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. मग म्हणाली, "सोमवारी तुम्ही केलं म्हणालात. आज भावानं केलं म्हणता. उद्या म्हणाल, बाबांनीच गॉगल चुकीचा उचलला." मी म्हटले, मला एकदा आत जाऊ दे, दोन मिनिटं. ती म्हणाली, "आता त्यांना झोप लागलीय. तीन दिवसांत पहिल्यांदा. कोणीतरी खरं बोललं म्हणून."

ती दारातून हलली नाही. मी निघाले.

घरी आल्यावर मी आईला सांगितले की, उद्या ठाण्यात जाऊन खरे सांगणार आहे.  तिने भावाला फोन केला. आज सकाळी आठ वाजता भाऊ येऊन आईला तिच्या दोन पिशव्यांसह घेऊन गेला. जिन्यात मी तिची काठी द्यायला गेले, ती तिने घेतली. भाऊ म्हणाला, "तुझी हत्यारं खोलीत आहेत. कुलूप बदललंय. हवी तर कोर्टातून माग." ती हत्यारे वडिलांची आहेत. अर्धी त्याची, अर्धी माझी असे कधी ठरले नव्हते, कारण तो ती वापरत नव्हता.

शेठबाबत माझी तक्रार आहे का, असे विचारले. त्यांनी बंदूक चालवली, आत काय आहे ते त्यांना माहीत होते की नाही हे मी पाहिलेले नाही. जे पाहिले नाही ते मी आता सांगणार नाही.

भावाविरुद्ध हा जबाब मी रागाने देत आहे का, असे विचारले. राग आहे. तरीही जबाब खरा आहे. बाद फळी रिकामी दिसूनही मी गप्प बसले, ही माझी चूक वेगळी लिहावी, भावाच्या खाली दडपू नये.

या जबाबाची एक प्रत सरांना वाचून दाखवता येईल का, असे मी विचारले. तशी पद्धत नाही, कागद दोषारोपपत्रासोबत न्यायालयात जाईल व तिथे तारखेला उघड होईल, असे सांगण्यात आले. तारखेला किती दिवस लागतात, असे विचारले. सांगता येत नाही, वर्ष-दोन वर्षे, असे उत्तर मिळाले. तोपर्यंत मी स्वतः त्यांना भेटू नये, ते या प्रकरणात साक्षीदार आहेत, भेटल्यास दबाव आणला असा अर्थ होईल, अशी समजही मला देण्यात आली. ती मी पाळेन.

म्हणजे तोपर्यंत त्यांनी मला माफ केलेले राहील.

हा सर्व मजकूर हवालदारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी थांबवले. 'अपघाताने रिकामी फळी' असे लिहिले गेले होते, तिथला 'अपघाताने' हा शब्द खोडून घेतला व शेजारी आद्याक्षरे केली. जिथे 'सरांचे व माझे घरोब्याचे संबंध' असे लिहिले होते ते 'चहाची ओळख' असे करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नाही, हे कबूल करून खाली सही केली.

(सही)